'इतका वाईट की भारी' म्हणणाऱ्यांनो

'गुंडा' बघताना कुठे हसायचं, हे आता आधीच ठरलेलं असतं. सिनेमा सुरू व्हायच्या आत कोणीतरी सांगून टाकतो, "भाई, हा इतका वाईट आहे ना, की भारी आहे." मग बुल्ला आला की हसायचं, पोते आला की हसायचं, यमक जुळलं की एकमेकांच्या पाठीवर थापा मारायच्या. ज्याने सिनेमा अजून पाहिलेला नाही, तोही बरोबर त्याच जागी हसतो, कारण त्या जागा त्याने रील्सवर आधीच पाठ केलेल्या असतात. अख्खा सिनेमा बघितला असं आपण म्हणतो, प्रत्यक्षात बारा-पंधरा मीम्सची हजेरी घेतलेली असते.

माझं भांडण या हसण्याशी आहे. सिनेमाशी नाही आणि मित्रांबरोबर बघण्याशी तर अजिबात नाही. आमचा नालासोपाऱ्यातला कंपू गेली सहा-सात वर्षं जवळजवळ दर शनिवारी रात्री हेच करतो. वन रूम किचन, भिंतीवर टीव्ही, त्याला जोडलेला फोन, खाली पसरलेली चटई, मधे फरसाण आणि वडापाव. नव्वदच्या दशकातले मिथुन, धर्मेंद्र, कधी दारा सिंगचे त्याआधीचे कुस्तीपट, कधी हाँगकाँगहून आलेलं आणि हिंदीत डब केलेलं काहीतरी. हसून हसून खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन येतो, इतकं हसतो. तेव्हा 'हसू नका' असं सांगणारा लेख हा नाही. तो 'इतका वाईट की भारी' या शब्दांविरुद्ध आहे, कारण या चार शब्दांत एक सोयीस्कर लबाडी आहे. सिनेमा मला आवडला हेही म्हणायचं, पण माझी अभिरुची मात्र याच्यापेक्षा वरची आहे हेही त्याच दमात सांगून टाकायचं.

'गुंडा' १९९८चा. दिग्दर्शक कांती शाह. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांचाच 'लोहा' आला होता, त्यात धर्मेंद्र आणि मिथुन दोघे. 'गुंडा' तेव्हा आला आणि गेला. त्याला आजचा मान मिळाला तो पुढे, इंजिनिअरिंग कॉलेजांच्या हॉस्टेलांमधून, पेन ड्राइव्हवरून आणि आयएमडीबीवर भरभरून पडलेल्या मतांमधून. म्हणजे ज्यांच्यासाठी तो काढला होता त्या प्रेक्षकाने त्याला 'कल्ट' केलं नाही. त्या प्रेक्षकासाठी तो नेहमीचा एक मारधाडपट होता. 'कल्ट' केलं ते वरून बघणाऱ्यांनी.

या मंडळींना एक प्रश्न. 'गुंडा'तला पोते म्हणजे मोहन जोशी. मराठी रंगभूमीवरचा कसलेला नट, पुढे अखिल भारतीय मराठी नाट्य परिषदेचा अध्यक्ष. इबू हटेला म्हणजे हरीश पटेल, जे २०२१ साली मार्व्हलच्या 'इटर्नल्स'मध्ये दिसले आणि तेव्हा सगळ्यांनी अभिमानाने पोस्टी टाकल्या. नायक मिथुन चक्रवर्ती, ज्याला 'मृगया' (१९७६) या पहिल्याच सिनेमासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, नंतर आणखी दोन मिळाले आणि २०२२ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कारही. आता या लोकांना अभिनय येत नव्हता म्हणून सिनेमा असा झाला, असं तुम्हाला खरंच वाटतं? त्यांना येत होता. मग तो तसा का झाला, हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण उत्तर शोधायला गेलं की हसण्यात थोडा व्यत्यय येतो.

उत्तर बरंचसं रिळात आहे. आज आपण फोनवर एकच रील वीस वेळा शूट करतो, नको ते डिलीट करतो. पस्तीस एमएमच्या फिल्मला मिनिटाला ९० फूट लागत. चारशे फुटांचा डबा साडेचार मिनिटांत संपायचा, हजार फुटांचा अकरा मिनिटांत. अडीच तासांचा सिनेमा म्हणजे पडद्यावरच १३,५०० फूट. प्रत्येक शॉट तीनदा घ्यायचा म्हटलं तर ४०,००० फुटांच्या वर कच्ची फिल्म विकत घ्यायची, ती धुवायची, तिची प्रिंट काढायची. ज्याच्या खिशात तेवढे पैसे नाहीत तो काय करणार? पहिला टेक 'ओके' म्हणणार. कॅमेरा एका जागी उभा करून सगळा प्रसंग एकाच दमात घेणार, कारण जागा बदलली की लाइट बदलायचे आणि लाइट बदलण्यात शिफ्ट संपते. नट अडखळला तर डबिंगला बघू म्हणणार. कॅमेऱ्याच्या मोटरचा खडखडाट एवढा की आवाज तसाही नंतरच भरायचा. तुम्ही ज्याला 'लिप सिंक बघ ना यार' म्हणून हसता, ते एका हिशेबाच्या वहीचं दृश्य रूप आहे.

त्यात मिथुनचा उटीचा प्रकार. नव्वदच्या दशकात तो उटीला राहायला गेला, तिथे त्याचं हॉटेल उभं राहिलं आणि निर्मात्यांनी आपली युनिटं घेऊन तिकडे जावं असा रिवाज पडला. नायक हाताशी, राहायची सोय तिथेच, डोंगर आणि धुकं फुकट. एका मोठ्या हिंदी सिनेमाचा नायक मुंबईत तारखा देईपर्यंत इकडे सिनेमा पुरा होई. थोडक्यात, हा स्वस्त मालाचा कारखाना होता. त्याचं गिऱ्हाईक ठरलेलं: छोट्या गावांतली, तालुक्याच्या ठिकाणची थिएटरं, जिथे साउंड सिस्टिम फुटकी, प्रिंट घासलेली आणि प्रेक्षक दिवसभर राबून आलेला. अशा ठिकाणी खलनायकाने कुजबुजत्या आवाजात सूक्ष्म अभिनय करून काय उपयोग? तो कॅमेऱ्याकडे बघून, आपलं नाव सांगून, यमक जुळवून बोलतो, कारण तसं बोललेलं शेवटच्या रांगेत ऐकू जातं आणि बाहेर पडल्यावर लक्षात राहतं. तमाशातला सरदार, दशावतारातला संकासुर असाच स्वतःची ओळख करून देत येतो. तिथे आपण त्याला लोककला म्हणतो, तिच्यावर पीएचडी करतो.

आता एक माणूस. आमच्यातल्या एकाचे वडील फायटर होते. नव्वदच्या दशकात बरीच वर्षं ते फाइट मास्टरांच्या हाताखाली मार खायचं काम करायचे. 'मार खायचं काम' हे त्यांचेच शब्द. एका शनिवारी ते अचानक लवकर घरी आले, आम्ही काहीतरी लावून खिदळत होतो. नायकाने एक ठोसा मारला, तो खलनायकाच्या माणसाच्या हनुवटीपासून चांगला वीतभर लांबून गेला, तरी तो माणूस उडून खोक्यांच्या ढिगात पडला. आम्ही फुटलो. काका दारातच उभे राहिले, चपला काढता काढता म्हणाले, "मागे घे."

मागे घेतलं.

"हीरोकडे कशाला बघताय? त्याचं काही नाही त्यात. पडणाऱ्याकडे बघा. मार खाणाऱ्यावर फाइट चालते."

मग त्यांनी तो तीन सेकंदांचा तुकडा आम्हाला पाच-सहा वेळा दाखवायला लावला. ठोसा हवेतच जायचा असतो, पण कॅमेरा बरोबर नायकाच्या खांद्यामागे असेल तर ती वीतभर फट दिसत नाही. इथे कॅमेरा दोन पावलं बाजूला राहिला, म्हणून फट दिसली. ती चूक कॅमेऱ्याची. पडणाऱ्याने मात्र आपलं काम चोख केलं होतं: मान आधी फिरवली, मग खांदा, मग पाय सोडले, आणि जमिनीला टेकताना पाठ नाही तर बाजू टेकवली. खोक्यांचे थर दोनच होते. "चार तरी पाहिजेत," काका म्हणाले. "दोन थरांवर उतरलाय तो." हे बोलताना ते स्वतःचा डावा गुडघा दाबत होते. तो आता पुरता वाकत नाही. एका सेटवर पहिल्या मजल्याच्या उंचीवरून उडी होती, सिनेमाचं नाव त्यांना आठवत नाही, कारण त्यांना नाव कोणी सांगितलंच नव्हतं. 'मिथुनचं आहे' एवढंच सांगून बोलावलं होतं.

त्या रात्री त्यांनी आम्हाला आणखी एक गोष्ट दाखवली. त्या सिनेमात एकच माणूस तीनदा मेला. एकदा मिशी लावून, एकदा तोंडाला रुमाल बांधून आणि एकदा पाठमोरा. दहा फायटरचे पैसे असायचे आणि चाळीस मारायचे असायचे. त्यामुळे मेलेला उठायचा, शर्ट बदलायचा आणि पुन्हा रांगेत उभा राहायचा. तेव्हापासून आमच्याकडे नवा खेळ सुरू झालाय: कोण किती वेळा मेला ते मोजायचं. आजवरचा विक्रम पाच. हसणं कमी झालं का? वाढलं. पण आता आम्हाला पडद्यावर माणसं दिसतात, आणि पाचव्यांदा मरणाऱ्याला टाळ्या पडतात.

हा लेख विरार-नालासोपाऱ्यातून लिहिण्याला एक कारण आहे. चर्चगेटहून साठ किलोमीटर दूर असलेल्या आमच्या या पट्ट्यावर कोणते विनोद होतात ते तुम्हाला ठाऊक आहे. विरारला जायला व्हिसा लागतो. विरार फास्टमध्ये चढलेला माणूस माणूस राहत नाही. पावसाळ्यात नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले की त्यावर होडीची मीम्स. पालघर जिल्हा होऊन दहा वर्षं उलटली, तरी आम्ही अजून ठाण्यातच आहोत असं निम्म्या लोकांना वाटतं. गोविंदा इथला, 'विरारका छोकरा', हे सांगितलं तरी समोरचा आधी हसतो. या विनोदांतलं आणि 'इतका वाईट की भारी'तलं हसणं एकाच कारखान्यात तयार होतं. दोन्हीकडे, कमी पैशांत जगण्यासाठी माणसाला जे जुगाड करावे लागतात, ते त्याच्या स्वभावातला विनोद म्हणून दाखवले जातात. गाडीच्या दारात लटकणारा माणूस गमतीशीर नसतो. त्याला आठ पन्नासला मस्टरवर सही करायची असते.

आणि दुसरं कारण अगदी साधं आहे: घरभाडं. अंधेरी-गोरेगावात शूटिंग करणारे लाइटमन, स्पॉटबॉय, ज्युनिअर आर्टिस्ट, फायटर तिथे राहू शकत नाहीत. ते मीरा रोड, नायगाव, नालासोपारा, विरारला राहतात. आता तर नायगावातच मालिकांचे सेट आहेत. कोल्डप्लेसारख्या बँडने २०१६च्या आपल्या व्हिडिओसाठी वसईचा किल्ला निवडला, तेव्हा जगाला तो फार सुंदर वाटला. चिमाजी आप्पांनी १७३९ साली घेतलेला तो किल्ला आम्ही शाळेच्या सहलीत बघितलेला असतो, आणि कॅमेरा, रिफ्लेक्टर आणि 'बाजूला व्हा' म्हणणारा माणूसही तिथेच पहिल्यांदा बघितलेला असतो. पडद्यावर तिसऱ्यांदा मरणारा माणूस तुमच्यासाठी मीम असेल. आमच्यासाठी तो बी विंगमधला असू शकतो.

मराठी वाचकाला ही गोष्ट परकी वाटायचं काहीच कारण नाही, कारण स्वस्त मारधाडपटांचा एक मोठा कारागीर आपलाच होता. भगवानदादा. भगवान आबाजी पालव, जन्म १९१३, गिरणी कामगाराचा मुलगा. आज लोकांना 'अलबेला' (१९५१) आणि तो हलका हलका नाच आठवतो. त्याआधीची दहा-बारा वर्षं, १९३८च्या 'बहादूर किसान'पासून, हा माणूस थोडक्या पैशांत स्टंटपट काढत होता आणि गिरणगाव ते बघत होतं. डग्लस फेअरबँक्सचा भक्त, उड्या स्वतः मारायचा. सेटवरच्या कपड्यांपासून जेवणापर्यंत सगळं स्वतः बघायचा. पुढे जुहूला बंगला, गाड्यांचा ताफा, मग सगळं जाऊन पुन्हा दादरची चाळ, २००२ साली तिथेच शेवट. त्याच्यावर २०१६ साली 'एक अलबेला' आला, मंगेश देसाईंनी काम केलं, आपण सगळे हळहळलो. पण तो सिनेमाही 'अलबेला'च्या भोवती. गिरणीतल्या माणसाने पैसे मोजून जे स्टंटपट बघितले, त्यांतलं आज आपल्याला बघायला जवळजवळ काहीही मिळत नाही. ज्या काळात ते जपायला हवे होते त्या काळात ते 'हलके' होते. नाडियाची 'हंटरवाली' (१९३५) निदान नावाने तरी उरली, तीही बरीचशी परदेशी अभ्यासकांनी उचलून धरली म्हणून.

त्या स्वस्त मारामारीची किंमत कोण मोजत होतं, हेही भगवानदादांच्याच नावाशी जोडलेल्या एका प्रसंगातून कळतं. १९४२ साली एका प्रसंगात त्यांना ललिता पवारांना थोबाडीत मारायची होती. ती खरोखरच जोरात बसली. चेहऱ्याला पक्षाघात, डावा डोळा कायमचा अधू, उपचारांत वर्षं गेली. नायिका म्हणून उभी राहिलेली बाई संपली आणि पुढे चाळीस वर्षं आपण त्या बारीक झालेल्या डोळ्याला 'खाष्ट सासू' म्हणून ओळखत आलो. पडद्यावरच्या मारामारीत काहीच खरं नसतं असं म्हणणाऱ्याने तो डोळा आठवावा.

१९८२ साली 'कुली'च्या सेटवर अमिताभ बच्चनना ठोसा लागला तेव्हा देश देवळांत जाऊन बसला. बरोबरच होतं. पण 'शोले'त हेमामालिनीची डुप्लिकेट म्हणून टांग्यावर उभ्या राहिलेल्या रेश्मा पठाण यांचं नाव बहुतेकांनी २०१९ साली त्यांच्यावर 'द शोले गर्ल' आल्यावर पहिल्यांदा ऐकलं. त्यांनाही त्या टांग्याच्या दृश्यात दुखापत झाली होती. मधे चव्वेचाळीस वर्षं गेली. आणि हा तर देशातला सर्वांत जास्त चर्चा झालेला सिनेमा. कांती शाहांच्या सिनेमातल्या फायटरचं नाव विचारायला कोण जाणार आहे?

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, म्हणजे हे सगळे सिनेमे थोर होते तर. नाही. आणि 'इतका वाईट की भारी'वरचा माझा सगळ्यात मोठा राग इथे आहे.

या सिनेमांत बाईचं काय होतं ते आपण सगळे बघतो. बहीण असते ती बलात्कार होऊन मरण्यासाठी. 'गुंडा'त नायकाची बहीण जाते, खलनायकाचीही जाते. बुल्ला आपल्या बहिणीच्या प्रेतापाशी बसून जे बोलतो, त्या ओळी मीम झाल्या. मुलं त्या तोंडपाठ म्हणतात, वाढदिवसाला एकमेकांना पाठवतात. एका बाईवर अत्याचार होऊन तिचा खून झाल्याचं ते वर्णन आहे आणि त्याचं यमक चांगलं जुळलंय म्हणून आपण हसतोय. विचारलं तर उत्तर तयार: "अरे, सीरियस काय घेतो? वाईट सिनेमा आहे म्हणूनच तर बघतोय." हीच ती लबाडी. सिनेमा विनोद आहे असं एकदा ठरवलं की त्यातल्या कुठल्याच गोष्टीचा जाब विचारायची गरज राहत नाही. फायटरच्या गुडघ्याचा नाही आणि त्या बहिणीचाही नाही.

आमच्या कंपूत दोन मुली आहेत. असे प्रसंग आले की सुरुवातीला त्या पाणी प्यायला उठायच्या. दर वेळी दोघींना एकदम तहान कशी लागते, हे बाकीच्यांच्या ध्यानात यायला काही महिने गेले. मग एकदा त्यांच्यातलीच एक म्हणाली, "पुढे ढकलू नका. बघू या, आणि मग बोलू या." त्या रात्री सिनेमा अर्ध्यावर राहिला आणि वाद पहाटे तीनपर्यंत चालला. दिग्दर्शकाने तो प्रसंग एवढा लांबवला कशासाठी? थिएटरात तो कोणासाठी होता? निर्मात्याने फिल्म फूट मोजून वापरली, मग हा प्रसंग एवढे फूट कसा खातो? याचं उत्तर आम्हाला सगळ्यांना माहीत होतं: तोच माल विकला जात होता. पोस्टरवर मारामारी छापायची आणि आत हे दाखवायचं. ज्या सिनेमाला पैसे नव्हते म्हणून मी इतका वेळ त्याची बाजू घेतली, त्याच्याकडे या कामासाठी मात्र रीळ होतं. हा राग करायचा असेल तर आधी सिनेमा गांभीर्याने घ्यावा लागतो. मस्करीत घेतलेल्या गोष्टीवर कोणाला रागावता येत नाही.

आणि हा राग फक्त स्वस्त सिनेमासाठी राखून ठेवायचा नाही. रणबीर कपूरचा 'अ‍ॅनिमल' २०२३ साली आला. हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये मुखवटे घातलेली माणसं कुऱ्हाडीने कापली जात होती आणि मागे अजय-अतुलचं मराठी 'डॉल्बीवाल्या' वाजत होतं. मल्टिप्लेक्समध्ये शिट्ट्या. एक माणूस शंभर जणांना मारतो, बायका त्याच्या पायाशी, बापाचा सूड, रक्ताचे पाट. यातलं काय कांती शाहांकडे नव्हतं? फक्त कॅमेरा हलत नव्हता आणि रक्त जास्त लाल होतं. शेकडो कोटी लावले की ते 'मास' होतं, 'व्हिजन' होतं, त्यावर दोन-दोन तासांचे पॉडकास्ट होतात. काही लाखांत केलं की 'क्रिंज'. म्हणजे आपण सिनेमाच्या मूर्खपणाला हसतच नाही, त्याच्या गरिबीला हसतो. मूर्खपणाला हसायचं असतं तर गेल्या पाच वर्षांत हसायच्या जागा भरपूर होत्या.

उलट उदाहरणही आपल्याच घरात आहे. महेश कोठारेंचा 'थरथराट' (१९८९), 'धडाकेबाज' (१९९०). टकलू हैवान, कवट्या महाकाळ. मराठी सिनेमाच्या तुटपुंज्या पैशांत केलेली मारामारी, स्फोट, घोडे, गुहा. कवट्या महाकाळचा मुखवटा आज बघितला तर शाळेच्या गॅदरिंगमधला वाटतो. त्याच्यावर मीम्स आहेत, स्टिकर आहेत, टी-शर्ट आहेत. पण मराठी माणूस 'धडाकेबाज'ला 'इतका वाईट की भारी' म्हणत नाही. तो म्हणतो, "आपला धडाकेबाज." लक्ष्या त्या बाटलीतल्या गंगारामाशी बोलतो तेव्हा आपण हसतो ते लक्ष्याबरोबर. टीव्हीवर लागला की आई स्वयंपाकघरातून येऊन दोन मिनिटं उभी राहते. पैसे तिथेही कमीच होते. पण ती माणसं आपली आहेत हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून हसताना नजर वरून खाली जात नाही. हीच नजर 'लोहा' बघताना का बदलावी? तो उत्तर प्रदेश-बिहारच्या मजुरांचा सिनेमा म्हणून? असेल, तर तेही एकदा तोंडाने म्हणून टाका, म्हणजे भांडायला सोपं जाईल.

मला हेही माहीत आहे की या विषयावर आता प्रतिष्ठित काम होऊ लागलंय. २०२३ साली प्राइमवर 'सिनेमा मरते दम तक' आली. जे. नीलम, विनोद तलवार, दिलीप गुलाटी, किशन शाह या चार दिग्दर्शकांना थोडे पैसे देऊन पुन्हा एकेक सिनेमा करायला लावला. त्या मालिकेचा उत्तम भाग तोच, जिथे ही म्हातारी होत चाललेली माणसं सेटवर उभी राहतात आणि वेळ, पैसा, लाइट यांचा हिशेब क्षणात जुळवतात. मालेगावच्या यंत्रमागांतल्या पोरांनी केलेल्या सिनेमांवर फैजा अहमद खानने २००८मध्ये माहितीपट केला, आणि रीमा कागतींचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' २०२५मध्ये थिएटरात लागला. ते बघून रडलेल्या माणसांपैकी किती जणांनी मूळ 'मालेगाव का सुपरमॅन' शोधून बघितला? गरिबाने केलेल्या सिनेमाबद्दलचा सिनेमा आपल्याला चालतो. त्याचा स्वतःचा सिनेमा मात्र फॉरवर्ड करण्यापुरता.

"तू फार विचार करतोस, शनिवारची मजा घालवशील," हा आक्षेप मला आमच्या चटईवरच ऐकवला गेलाय. मजा गेलेली नाही. 'गुंडा' आम्ही गेल्या महिन्यात पुन्हा बघितला. बुल्लाची एंट्री अजूनही जबरदस्त आहे, मुकेश ऋषी त्या ओळी अशा काही ठामपणे म्हणतात की समोर यमक आहे हे त्यांना माहीतच नसावं. ही ताकद आहे, अपघात नाही.

गेलंय ते वेगळंच. यूट्यूबवर हे सिनेमे ज्या अवस्थेत आहेत ते बघा. कुठल्या तरी चॅनेलचा लोगो कोपऱ्यात, व्हिडिओ कॅसेटवरून उतरवलेलं पुसट चित्र, बाजू कापलेल्या, आणि बऱ्याचदा सुरुवातीची श्रेयनामावलीच उडवलेली. त्या नामावलीत तसंही फाइट मास्टरचं एक नाव असायचं आणि फायटरांची नावं क्वचितच. तेवढंही गेलं. पुण्यात २००३ साली लागलेल्या आगीत नायट्रेटवरचे कितीतरी जुने सिनेमे जळाले, त्याबद्दल आपण हळहळतो. इथे आग वगैरे काही लागलेली नाही, कोणीतरी फक्त पहिली तीन मिनिटं कापून अपलोड केलंय. ज्यांना चाळीस-चाळीस मिनिटांचे 'कल्ट क्लासिक' व्हिडिओ करायला वेळ आहे, त्यांनी एकदा विरार लोकल पकडावी. ही माणसं अजून आहेत, साठी-सत्तरीत आहेत, दुपारी घरी असतात आणि विचारलं तर बोलतात.

आमच्या फोनमध्ये एक यादी आहे. मित्राचे बाबा ज्या ज्या सिनेमात सापडले त्यांची. त्यांना नावं आठवत नाहीत, त्यामुळे आम्ही शोधतो आणि ते बघून 'हो' किंवा 'नाही, हा मी नव्हे, पण याला मी ओळखतो' म्हणतात. त्या दुसऱ्या माणसाचं नाव मग वेगळ्या रकान्यात जातं. आतापर्यंत अकरा सिनेमे आणि वेगळ्या रकान्यात सव्वीस नावं झाली आहेत. अकरावा गेल्या शनिवारी रात्री सापडला. त्यात ते दोनदा मेलेत, दुसऱ्यांदा मिशी लावून, आणि ती मिशी वाकडी बसली होती म्हणून काकांना अजूनही मेकअपवाल्याचा राग आहे.